तीन नंबरच्या चेंबरमधील ऊब

३ जानेवारी, शुक्रवार. धुळे

तीन नंबरच्या चेंबरमधील माल आज बाहेर काढला. दाराजवळच्या नऊ कॅरेटांतील केळी पिवळी होण्याऐवजी राखट पडली आहेत. पंधरवड्यातील ही दुसरी वेळ. केळीला पिकताना साधारण अठरा अंशांची ऊब लागते. तापमान तेराच्या खाली उतरले की साल मरते, आणि मेलेल्या सालीला मागाहून रंग येत नाही. बाहेर पहाटे सहा अंश आहे. हीटर जवळजवळ अखंड चालतो, तरी चेंबरचे तापमान घसरते. ऊब जाते कोठे, हा प्रश्न आहे.

गेल्या हिवाळ्यात असे झाले नव्हते.

दुपारी चारला दलिचंद शेठजींच्या केबिनमध्ये चहा. हा बावीस वर्षांचा परिपाठ आहे: चारच्या ठोक्याला मी, शेठजी आणि दोन कप. आज कप ठेवून ते म्हणाले, "पंडितभाऊ, आपल्या हबीब मिस्त्रीचा मुलगा आहे, अरशद. थंड-गरम खोल्यांचं काम करतो. उद्या येईल. बघू द्या त्याला."

मी "अवश्य" म्हणालो. केळी पिकवण्याच्या या रायपनिंग सेंटरमध्ये माझ्याशिवाय दुसऱ्या कोणी काही बघावे, असे आजवर घडलेले नाही.

४ जानेवारी, शनिवार

शनिवारी मी जळगावची बस धरून असोद्याला घरी जातो. आज गेलो नाही. पुष्पाला फोनवर सांगितले की काम आहे. काम हे की अरशद आला.

वय छत्तीस. डिप्लोमा. हातात पिस्तुलासारखे एक यंत्र. ते जिथे रोखावे तिथले तापमान दिसते. भिंत, छत, कोपरे यांवर त्याने ते रोखले, इथवर ठीक. पुढे दारात आल्यावर त्याने ते आमच्या झिपरूच्या मफलरवर रोखले. झिपरू आमचा वॉचमन, साठीचा. दार उघडे असले की तो आपला मफलर दाराच्या वरच्या कडेवर टाकून ठेवतो. अरशदने मफलरला हातही लावून पाहिला. मापनाच्या यंत्राचा याहून निरर्थक वापर मी पाहिलेला नाही.

मग त्याने उंबऱ्यातली वीट उचलली. "ही कशाला, भाऊ?"

मी त्याला भिंतीवरचा फलक दाखवला. माझाच मजकूर, माझीच सही: 'माणूस आत असताना दार विटेवर उघडे राहील.' चार वर्षांपूर्वी झिपरू आत कॅरेट लावीत असता दार आपोआप लागले आणि केळीच्या साचलेल्या हवेने त्याला भोवळ आली. तेव्हापासून हा नियम आहे, आणि तेव्हापासून एकही अपघात नाही.

अरशदने फलक दोनदा वाचला. "बरोबर आहे. माणूस आधी." मग विचारले, "दिवसातून किती वेळा आत जाता?"

"पूर्वी चार वेळा जात असे. दिवाळीपासून बारा वेळा. आत सहा थर्मामीटर टांगले आहेत. सहाही वाचतो. एकही नोंद चुकलेली नाही."

"आणि एका वेळेला किती लागतं?"

"चार मिनिटे."

त्याने वीट होती तशीच जागेवर ठेवली आणि काही बोलला नाही. माझ्या काटेकोरपणापुढे त्याला बोलायला काही उरले नसावे.

चारला केबिनमध्ये गेलो तर तिसरी खुर्ची मांडलेली.

६ जानेवारी, सोमवार

दिवाळीला शेठजी जे म्हणाले होते ते येथे लिहून ठेवणे इष्ट. "गुढीपाडव्याला जळगावचं नवीन सेंटर सुरू करू. कुणाच्या तरी भरवशाच्या हातात द्यावं लागेल." हे म्हणताना ते माझ्याकडे पाहत होते. जळगावहून असोदा हाकेच्या अंतरावर आहे. बावीस वर्षांत लग्नकार्ये वगळता मी घरी सलग चार दिवस राहिलेलो नाही. दिवाळीनंतर मी नोंदी चारावरून बारावर नेल्या त्या याचसाठी, की भरवसा म्हणजे काय ते रजिस्टरात दिसावे.

आता अरशद दिसतो आहे.

म्हणून मी स्वतः हिशेब मांडला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. पदार्थविज्ञान दहावीनंतर सुटले, परंतु हीटरच्या पुस्तिकेत सूत्र आहे आणि ते व्याजाच्या सूत्राहून अवघड नाही. क्षेत्रफळ, गुणिले त्या पदार्थातून ऊब जाण्याचा दर, गुणिले आतबाहेरच्या तापमानातील फरक. फरक बारा अंश धरला.

भिंती: एक बाजू दोन नंबरच्या उबदार चेंबरला चिकटलेली, ती वगळून ३९.३६ चौरस मीटर. आतून थर्मोकोल. २८३ वॅट.
छत: २४ चौरस मीटर. २०२ वॅट.
दार: २.६४ चौरस मीटर. ४८ वॅट.
जमीन: खालची माती हिवाळ्यातही खोलीहून गार नसते. शून्य.
एकूण ५३३ वॅट.

हिशेब दोनदा तपासला. हीटरच्या मीटरवरून मात्र याच्या दुप्पट ऊब खर्च होताना दिसते. उरलेली अर्धी ऊब कोणत्या खात्यात टाकावी ते समजत नाही. माझा संशय छतावर आहे.

८ जानेवारी, बुधवार

अरशद साडेपाचला निघतो. काम कितीही अर्धवट असो, साडेपाच वाजले की पिशवी उचलतो. आज विचारले. म्हणाला, "अम्मीच्या डोळ्यांत औषध घालायचं असतं. ऑपरेशन झालंय. माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही."

घरची ओढ मलाही आहे. ती मी शनिवारवर ठेवतो.

आज त्याने उदबत्ती पेटवून बंद दाराच्या चारही कडांवरून फिरवली. फट असेल तर धूर ओढला जातो, असे त्याचे म्हणणे. धूर सरळ वर गेला. म्हणजे दाराचे रबर घट्ट आहे. हे मला विचारले असते तरी कळले असते. मी दर महिन्याला दारात कागदाची पट्टी धरून ओढून पाहतो. पट्टी फाटते, निघत नाही.

शेठजी दुरून पाहत होते. म्हणाले, "वा, काय डोकं आहे." माझी कागदाची पट्टी ते गेली कित्येक वर्षे पाहत आले आहेत.

९ जानेवारी, गुरुवार

आजपासून नोंदी दर अर्ध्या तासाने. दिवसाला बत्तीस. नवीन माल कालच भरला आहे. अरशदच्या यंत्रात खोलीचा एक क्षण दिसतो. माझ्या रजिस्टरात तिचे संपूर्ण चरित्र दिसेल.

पहाटे सहाच्या नोंदीला झिपरू दाराशी उभा. हात वर करून दाराच्या वरच्या भागाशी, शेकोटीवर धरावेत तसे धरलेले.

"भू हीव शे आज, भाऊ," थंडीने काकडत म्हणाला. "तुम्ही आत जातस तवय आठे बरी ऊब लागस. मफलरबी ऊन व्हई जास."

मी त्याला गेटवर जाण्यास सांगितले. वॉचमनने गेट राखावे. जाताना पुन्हा म्हणाला, "इतलं काय देखतस आत? केळं काय पळी जातीन का?"

झिपरू माणूस चांगला आहे. परंतु कामात लक्ष नाही.

११ जानेवारी, शनिवार

याही शनिवारी घरी गेलो नाही. फोनवर पुष्पा म्हणाली, "अहो, कोण हा अरशद?"

"सांगितले ना. खोल्या तपासणारा."

"ते कळलं. पण दहा मिनिटांत अकरा वेळा नाव घेतलंत. आपल्या लग्नात माझंसुद्धा एवढं नाव घेतलं नव्हतं तुम्ही. एकदा घ्या म्हटलं तर घाम फुटला होता."

मी म्हणालो की अकरा वेळा घेतले नसावे. ती म्हणाली, "मी मोजलं. तुमच्याच घरात राहते."

चहाला आता रोज तीन कप असतात. आज शेठजींनी बिस्किटांची बशी आधी त्याच्याकडे सरकवली. तो पाहुणा आहे, असे एक स्पष्टीकरण संभवते. परंतु आठ दिवसांनंतर माणूस पाहुणा राहतो का?

१३ जानेवारी, सोमवार

चेंबरचे तापमान आज पहाटे साडेबारा अंश. इतके खाली ते कधीही गेलेले नाही. हीटर क्षणभरही थांबत नाही. बाहेर मात्र सात अंश, म्हणजे गेल्या आठवड्यापेक्षा एकाने अधिकच. थंडी कमी झाली आणि खोली अधिक गार झाली. हे माझ्या सूत्रात बसत नाही.

एकच बदल झालेला आहे, आणि तो म्हणजे अरशद.

हे मी शेठजींना एकांतात सुचवले. आरोप केला नाही. इतकेच म्हणालो की बाहेरच्या माणसाचा हीटरला हात लागला असण्याची शक्यता तपासावी.

शेठजींनी चष्मा काढला. "पंडितभाऊ, त्याने हात लावला असता तर तुमच्या रजिस्टरात आलं असतं. तुम्ही तर दर अर्ध्या तासाला तिथेच असता."

उत्तर अचूक होते. मी उठलो.

येथे खोटे लिहिण्याचे कारण नाही. संशय मलाही खरा वाटत नव्हता. तो खरा निघावा, असे मात्र वाटत होते.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. अरशदने तिळाची वडी आणली. "अम्मीने पाठवलीय. दरवर्षी गल्लीभर वाटते. 'ते तुझे रजिस्टरवाले भाऊ, त्यांना वेगळी दे' म्हणाली."

म्हणजे तो घरी माझ्याविषयी बोलतो. काय बोलतो ते समजले नाही. वडी कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवली. खाल्ली नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

अरशदने अहवाल दिला. एकच पान. शेठजींनी मला मोठ्याने वाचायला लावले.

भिंती २८८, छत २०४, दार ४८, जमीन शून्य. एकूण ५४० वॅट. माझ्या हिशेबात आणि त्याच्यात सातच वॅटांचा फरक. त्याच्याजवळ डिप्लोमा आणि यंत्र, माझ्याजवळ फुटपट्टी आणि हीटरची पुस्तिका. हे वाचताना माझा आवाज किंचित वर गेला असावा.

"बघा," अरशद शेठजींना म्हणाला, "भाऊंनी माझ्याआधीच काढलं होतं. मी उगाच आलो."

त्याचे हे कौतुक मला ओंजळीत गरम पाणी ओतल्यासारखे झाले. धरवतही नाही, टाकवतही नाही.

पुढे लिहिले होते: मीटरप्रमाणे पहिल्या आठवड्यातील प्रत्यक्ष खर्च ११०३ वॅट. उरलेली ऊब दाराच्या रबरातून हवेवाटे जाते. रबर बदलावे. तसेच थर्मामीटर तारेने जोडून आकडे दाराबाहेर दिसतील अशी सोय करावी.

दाराचे रबर! त्याच्याच उदबत्तीने रबर घट्ट ठरवले होते. मी डोळ्यांनी पाहिले होते. इतक्या उघड ठिकाणी हा मनुष्य चुकला. बावीस वर्षांत इतका आनंद मला क्वचितच झाला असेल.

"शेठजी," मी म्हणालो, "मला उद्या चारपर्यंत वेळ द्या. हे विधान चुकीचे आहे. मी सिद्ध करतो."

अरशद घाईने म्हणाला, "राहू द्या ना, भाऊ. रबर बदलून टाकू, काय बिघडतं?"

तो घाबरला, असे मी समजलो.

१७ जानेवारी, शुक्रवार

जे घडले ते क्रमाने लिहितो.

चारला मी रजिस्टर आणि कागदाची पट्टी घेऊन केबिनमध्ये गेलो. अगोदर शेठजींना दाराशी नेऊन पट्टी ओढून दाखवली. फाटली. उदबत्ती लावली. धूर सरळ. परत येऊन रजिस्टर उघडले आणि म्हणालो, "रबर निर्दोष आहे. शिवाय या नोंदी पाहा. रबर गळत असते तर तापमान दिवसभर सारखे उतरले असते. ते तसे उतरत नाही. टप्प्याटप्प्याने पडते. प्रत्येक नोंदीच्या वेळी आधीच्या नोंदीपेक्षा थोडे खाली."

"प्रत्येक नोंदीच्या वेळी," शेठजी म्हणाले.

"होय."

शेठजी चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी बोट पानावर ठेवले आणि एकेक ओळ मोजत खाली आले. मी थांबलो. अरशद खिडकीबाहेर पाहत होता.

"बत्तीस. आकडे आत जाऊन वाचता?"

"अर्थात."

"आणि दार?"

"विटेवर. नियमाप्रमाणे."

शेठजींनी पानावरचे बोट उचलले. "पंडितभाऊ, एवढ्या वेळा तर मी माझ्या स्वतःच्या घरात जात नाही."

बत्तीस गुणिले चार करायला मला कागद लागत नाही. एकशे अठ्ठावीस मिनिटे. दोन तास आठ मिनिटे, रोज, पहाटेच्या आणि संध्याकाळच्या गारठ्यात, तीन नंबरचे दार उघडे. एक आणि दोनची दारे बंद बोळात उघडतात. तीनचे थेट अंगणात. चारांच्या बारा नोंदी झाल्या तेव्हा माल राखट पडू लागला, बाराच्या बत्तीस झाल्या तेव्हा खोली साडेबारावर आली. तारखा माझ्याच अक्षरात आहेत.

मी रजिस्टर मिटले. चहा आला. मी घेतला. किती गरम होता ते आठवत नाही.

बाहेर आल्यावर अरशदला विचारले, "तुम्हाला कधी समजले?"

"पहिल्याच दिवशी. झिपरूबाबांचा मफलर कोमट होता."

"मग रबर का लिहिलेत?"

त्याने मान खाजवली. "रबर काही मनाला लावून घेत नाही, भाऊ. तारा बसवल्या असत्या, आकडे बाहेर आले असते, दार आपोआप बंद राहिलं असतं. तारा पिशवीत आणूनच ठेवल्या होत्या. कुणाला काही सांगायची गरजच नव्हती."

"आणि जळगाव?"

"जळगावचं काय?"

"ते तुम्हाला मिळणार होते."

तो खरोखर चकित झालेला दिसला. "शेठजींनी विचारलं होतं, मी येण्याआधीच. मी नाही म्हटलं. अम्मीला सोडून कुठे जाऊ? म्हटलं, तुमचे पंडितभाऊ तिकडचेच आहेत ना, त्यांनाच द्या." मग घड्याळ पाहून म्हणाला, "चला, साडेपाच झाले."

१८ जानेवारी, शनिवार. असोदा

तीन आठवड्यांनी घरी. पुष्पाने भरीत आणि कळण्याची भाकरी केली. मी सर्व सांगितले, काही न वगळता.

ती बराच वेळ हसली नाही, म्हणून मला बरे वाटू लागले, तेवढ्यात हसली. मग म्हणाली, "त्याला एकदा जेवायला बोलवा. माझ्या हातचं भरीत खाऊ दे."

"त्याला कशाला?"

"तुमची चूक दोन आठवडे पोटात ठेवली त्याने. मी दोन तास ठेवली नसती."

माणसाने आपली चूक लपवावी हे समजते. दुसऱ्याची चूक, तीही आपला तिरस्कार करणाऱ्याची, कोणी का लपवावी? मी त्याच्या जागी असतो तर अहवालात पहिल्या ओळीत लिहिले असते, आणि खाली सही केली असती. हे मला ठाऊक आहे, आणि ते त्याला ठाऊक नसावे अशी माझी इच्छा आहे.

२० जानेवारी, सोमवार. धुळे

अहवाल अपुरा होता. अपुरा कागद फाइलला लावणे मला जमत नाही. म्हणून माझा तक्ता नव्याने लिहून शेठजींपुढे ठेवला:

भिंती २८३.
छत २०२.
दार, बंद असताना ४८.
जमीन शून्य.
पंडित भंगाळे ५७०.
एकूण ११०३.

शेठजींनी तो वाचला, पाचव्या ओळीवर थांबले, आणि फाइलला लावला. "पाडव्याला जळगाव तुमचंच," म्हणाले. "फक्त तिथे केळीला थोडं एकटं राहू द्या."

मी आभार मानले. परंतु हेही लिहिले पाहिजे की ज्या गोष्टीसाठी मी रात्रीची झोप आणि दोन-तीन खेपांचा माल घालवला, ती मला एका माणसाच्या नकारामुळे मिळाली आहे. मिळाल्याचा आनंद आहे. त्याच्याकडून मिळाली नसती तर अधिक असता.

२३ जानेवारी, गुरुवार

तारा बसल्या. दाराबाहेर लहान पडद्यावर सहाही आकडे दिसतात. १८.१, १८.०, १७.९, १८.१, १८.०, १८.२. बाहेर सहा अंश. हीटर मध्ये मध्ये थांबतो. त्याचा थांबल्याचा आवाज मी प्रथमच ऐकला.

फलकावर एक ओळ वाढवली: 'आत जाण्याचे कारण आधी नोंदवावे.'

पडद्यावरचे आकडे खरे की नाही, हे माझ्या पाऱ्याच्या थर्मामीटरशी ताडून पाहण्यासाठी आज तीनदा दाराशी गेलो. तिन्ही वेळा कारणाच्या रकान्यात लिहिण्याजोगे काही सुचले नाही. परत आलो.

झिपरू मफलर गळ्याला घट्ट गुंडाळून गेटवर बसला होता. "आते आठे काईच ऊब नही, भाऊ," म्हणाला. त्याच्यासाठी गेटच्या खोलीत एक लहान हीटर मागवला आहे. दार उघडे धरायला आता आकडा आहे, म्हणून वीट त्याला दिली. त्याने ती माठाखाली लावली.

२५ जानेवारी, शनिवार

तीन नंबरचा माल निघाला. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत एकसारखा पिवळा. एकही कॅरेट बाजूला काढावे लागले नाही.

शेठजींनी हमालांसमोर अरशदच्या पाठीवर थाप दिली. नंतर माझ्याही. त्याची थाप अधिक वेळ टिकली.

तो म्हणाला, "भाऊ, पुढच्या शनिवारी दुपारी येऊ का असोद्याला? वहिनींचा फोन आला होता. अम्मीचं औषध तेवढ्यापुरतं बहीण घालेल, तयार झाली एकदाची."

पुष्पाने त्याचा नंबर कोठून मिळवला ते मी विचारणार आहे.

बसला अवकाश होता. ड्रॉवर आवरताना संक्रांतीची वडी सापडली. अकरा दिवसांची. खाल्ली. वेलची किंचित अधिक आहे. पुष्पाच्या वडीपेक्षा मात्र खुसखुशीत आहे, हे नोंदवणे प्राप्त आहे. घरी सांगणार नाही.